सात हजार खेपांचं जहाज

मुरगाव बंदराबाहेर एक मध्यम आकाराचं मालवाहू जहाज नांगर टाकून उभं आहे असं समजू. त्यात ७० हजार टन लोहखनिज मावतं. गोव्याच्या खाणपट्ट्यात धावणाऱ्या टिपरमध्ये, म्हणजे हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकमध्ये, साधारण १० टन माल बसतो. म्हणजे हे एक जहाज भरायला ७ हजार खेपा लागतात. परतताना टिपर रिकामा येतो, तेव्हा तितक्याच रिकाम्या खेपाही धरायच्या. आणि हे खनिज हाती लागण्याआधी दोन लाख टनांच्या आसपास माती-दगड खणून बाजूला टाकावे लागलेले असतात, कारण गोव्यात एका टन खनिजामागे अडीच-तीन टन निकामी माल निघतो.

हे एका जहाजाचं गणित झालं. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज परदेशी गेलं. त्यात शेजारच्या कर्नाटकातून आलेला मालही थोडा होता, पण ढोबळ हिशेब केला तरी अशी सातशेहून जास्त जहाजं होतात.

खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खड्डा येतो. पर्यावरणाचे बहुतेक अहवालही खड्ड्याभोवतीच फिरतात. पण सावर्डे, कुडचडे किंवा उसगाव-तिस्क भागातल्या माणसाला खाणीबद्दल विचारलं, तर तो खड्ड्याआधी रस्त्याबद्दल बोलेल. लाल झालेली झाडं, शाळेच्या वेळेला लागणारी टिपरची रांग, दारं-खिडक्या लावूनही भाताच्या ताटात उतरणारी धूळ. खड्डा त्याने कदाचित आतून पाहिलेलाही नसेल.

‘ग्रीन सप्लाय चेन’ हा सध्या कंपन्यांच्या अहवालांत फार वापरला जाणारा शब्द मला या रस्त्यावर उभं राहूनच समजावून घ्यावासा वाटतो. मराठीत त्याला हरित पुरवठा साखळी म्हणतात. योगायोग असा की याच खाणपट्ट्यातल्या एका गावाचं नाव साखळी आहे.

कल्पना अवघड नाही. खाण हे एकटं बेट नसतं. तिच्यात डिझेल, स्फोटकं, टायर, यंत्रं, वीज आणि पाणी येतं, आणि तिच्यातून खनिज, चिखल, धूळ आणि उपसलेलं पाणी बाहेर जातं. खनिज पुढे टिपर, बार्ज (नदीतून माल नेणारी सपाट नौका), बंदर, जहाज, भट्टी असं हातांहातांतून जात शेवटी कुणाच्या तरी घराच्या सळईत किंवा मोटारीच्या पत्र्यात बसतं. या प्रत्येक टप्प्यावर काय जळतं, काय सांडतं आणि कुणाला त्रास होतो हे मोजायचं, आणि विकत घेताना, कंत्राट देताना, वाहतूक ठरवताना किमतीइतकंच महत्त्व या मोजमापाला द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला साधं आहे. घोडं अडतं ते पैसे कुणी मोजायचे इथे.

आधी गोव्याची पार्श्वभूमी थोडक्यात. पोर्तुगीज काळात इथे खाणींचे परवाने दिले गेले, तेही कायमस्वरूपी. १९५० च्या दशकापासून जपानला माल जाऊ लागला. १९८७ मध्ये भारत सरकारने कायदा करून ते जुने परवाने मुदतीच्या लीजमध्ये, म्हणजे भाडेपट्ट्यांत, बदलले. २००० नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि आधी कुणी ढुंकून पाहत नव्हतं असा कमी प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. रस्ते तेच, नद्या त्याच, माल मात्र कित्येक पटींनी वाढलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, खाणकाम थांबलं, आणि एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या लीज नोव्हेंबर २००७ मध्येच संपल्या होत्या, त्यानंतरचं सगळं खाणकाम बेकायदा. पुढे नूतनीकरण केलेल्या ८८ लीजही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाल्या. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले आणि त्यानंतर डिचोलीपासून काम हळूहळू पुन्हा चालू झालं.

आता मालाबरोबर चालू लागू.

खड्ड्यापाशी पहिला प्रश्न निकामी मातीचा. तिचे डोंगर रचले जातात, त्यांना सगळे डंप म्हणतात. कोकणात पाऊस पडतो तो मिलिमीटरमध्ये न मोजता हातांनी मोजावा असा. उघड्या डंपवरून तो लाल गाळ ओढ्यात आणतो, ओढा शेतात आणि शेत नदीत. पूर्वी हे डंप लीजच्या हद्दीबाहेरही टाकले जात. २०१४ च्या निकालाने त्याला मनाई केली. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटल्यावर चिखलाचे लोंढे घरा-बागायतीत शिरताना पाहिले आहेत. डंपला पायऱ्या पाडणं, पायथ्याशी दगडी भिंत आणि गाळ बसायला तळी बांधणं, वर गवत आणि झाडं लावणं हे उपाय नवे नाहीत. ते पावसाच्या आधी पूर्ण होतात की नंतर, इतकाच प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. गोव्यातले अनेक खड्डे भूजलाच्या पातळीखाली, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. खणत राहायचं तर पंप लावून पाणी उपसत राहावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. इथे कोळशाच्या खाणींकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने खाणीतून उपसलेलं पाणी वाया न घालवता शुद्ध करून पाटणसावंगीजवळ ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केलं, तर भानेगावच्या खाणीत निकामी मातीतून वाळू वेगळी काढून ती घरबांधणीला दिली. नदीतली वाळू उपसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, हे या साखळीच्या कल्पनेतलं मला सर्वांत पटणारं सूत्र आहे.

तिसरी गोष्ट प्रतीची. गोव्याच्या खनिजात लोह साधारण ५५ ते ५८ टक्के. राहिलेल्यात वाळू, चिकणमाती, अॅल्युमिना. हा माल तसाच चीनला पाठवणं म्हणजे हजारो मैल माती वाहून नेणं, आणि ती माती वितळवायला भट्टीत जास्त कोक, म्हणजे भाजून तयार केलेला कोळसा, जाळणं. खाणीजवळच माल धुऊन प्रत वाढवली तर वाहतूकही वाचते आणि कोकही. कोळशाचंही तसंच. आपल्या कोळशात हजार किलोमागे तीन-चारशे किलो राख असते, म्हणजे रेल्वे दर तीन वाघिणींमागे (मालडब्यांमागे) जवळजवळ एक वाघीण राखच ओढत असते. म्हणून २०१४ मध्ये नियम झाला की ५०० किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्या कोळशात राख ३४ टक्क्यांहून जास्त नको. मे २०२० मध्ये ती अट काढून टाकली. मला तो निर्णय पटलेला नाही, पण त्यामागचा युक्तिवादही ऐकण्यासारखा होता: धुतल्यावर उरलेला निकृष्ट कोळसा शेवटी कुठेतरी जाळलाच जातो.

धुण्याची दुसरी बाजू म्हणजे उरलेला पातळ चिखल. तो बांध घालून साठवतात. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योच्या लोहखाणीतला असा बांध २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि २७० माणसं गेली. त्या बांधात नवा चिखल टाकणंही बंद झालं होतं, आणि तो सुरक्षित असल्याचं बाहेरच्या तपासनीसांचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेलं होतं. प्रमाणपत्र देणाऱ्याला पैसे कोण देतं, हा प्रश्न तेव्हापासून जगभर विचारला जातो. २०२० मध्ये अशा बांधांसाठी आंतरराष्ट्रीय मानकं आली ती या दुर्घटनेनंतरच.

आता रस्ता. इथे जरा थांबू.

धूळ उडते कशी? बहुतेकांना वाटतं भरलेल्या टिपरमधून वाऱ्याने. तीही उडते, पण मोठा वाटा रस्त्यावर आधीच सांडलेल्या मालाचा असतो. फाळक्याच्या फटीतून थोडं सांडतं, मागच्या दहा टिपरांच्या चाकांखाली त्याचं पीठ होतं, आणि अकरावा टिपर ते पीठ उडवतो. म्हणून टँकरने पाणी मारतात. दुपारपर्यंत रस्ता सुकतो. जास्त पाणी मारलं तर लाल राडा होतो, तो टायरला चिकटून हमरस्त्यावर जातो आणि तिथे सुकून पुन्हा धूळ. खाणीच्या फाटकावर चाकं धुण्याची सोय, पक्कं बसणारं फाळकं आणि घट्ट बांधलेली ताडपत्री या तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी टँकरपेक्षा जास्त काम करतात.

मग त्या होत का नाहीत? नियम तर आहेत. ताडपत्रीचा आहे, वजनाचा आहे, वेगाचा आहे. अडचण पगारात आहे. चालकाला आणि मालकाला पैसे खेपेमागे किंवा टनामागे मिळतात. ताडपत्री नीट बांधायला काही मिनिटं जातात. वजनकाट्यावर रांग असते. दिवसाच्या सहा खेपांच्या सात झाल्या तरच हप्ता सुटतो. असा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे त्याला नियमांचं पुस्तक वाचून दाखवण्यात अर्थ नाही. जीपीएस लावलं, कॅमेरे लावले, दंड केला. पण खेपेचा दर तसाच ठेवला, तर माणूस दंड हा खर्चातच धरतो. माझ्या मते खाणपट्ट्यात सगळ्यांत जास्त हिरवळ आणणारा कागद म्हणजे वाहतुकीचं कंत्राट: त्यात दिवसाचा किमान मोबदला, प्रत्येक टिपरला ठरलेली वेळ, आणि वाटेवरच्या गावातून तासाला जास्तीत जास्त किती गाड्या जातील हे लिहिलेलं असलं पाहिजे.

टिपर काढून पट्टाच टाकला तर? बंद नळीसारखा कन्व्हेयर माल सांडत नाही, धूळ उडवत नाही, विजेवर चालतो. कर्नाटकात बळ्ळारी भागात आणि आपल्याकडे विदर्भाच्या कोळसापट्ट्यात असे पट्टे वापरात आले आहेत. अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. पण टिपर कुणाचे आहेत ते पाहा. गोव्यात बहुतेक टिपर खाणभागातल्याच लोकांचे. ज्याचं भातशेत गाळाने गेलं, ज्याची विहीर आटली, त्याला भरपाई म्हणून खाणीने काय दिलं, तर वाहतुकीचं काम. त्याने बँकेचं कर्ज काढून टिपर घेतला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर दारात उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. शेवटी सरकारला कर्जमुक्तीची योजना आणावी लागली. कोकणात खनिजाचा ट्रक संसारात किती मुरलेला आहे याची एक खूण सिंधुदुर्गातल्या रेडीला सापडते. तिथला द्विभुज गणपती १९७६ मध्ये सापडला तो खनिजाच्या ट्रकवर काम करणाऱ्याला झालेल्या दृष्टान्तावरून, असं गावात सांगतात.

म्हणून धुळीने हैराण झालेलं घर आणि टिपरवर जगणारं घर बरेचदा एकच असतं. शाश्वत विकासाचे पर्यावरण, समाज आणि अर्थकारण असे तीन पाय सांगतात. पुस्तकात ते तीन वेगळे पाय असतात, सावर्ड्यात ते एकाच पडवीत बसलेले असतात. पट्टा टाकायचा असेल तर टिपरवाल्याचं कर्ज, त्याचं वय आणि त्याला दुसरं काय येतं हे पट्ट्याच्या खर्चातच धरावं लागेल. ते न धरता आखलेला हरित प्रकल्प आंदोलनात अडकतो, आणि मग अहवालात ‘स्थानिक विरोध’ असे दोन शब्द येतात.

रस्ता संपला की नदी. गोव्याला निसर्गाने इथे मोठी सवलत दिली आहे. मांडवी आणि जुवारी खाणींपासून फार लांब नाहीत. टिपर जेटीजवळच्या प्लॉटवर माल ओततो आणि तिथून बार्ज. दोन हजार टनांची एक बार्ज म्हणजे दोनशे टिपर रस्त्यावरून कमी, आणि टनामागे इंधनही ट्रकपेक्षा खूपच थोडं. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीचं तोंड खवळतं, तेव्हा बार्जी कुंभारजुवे कालव्यातून आत-आतून जुवारीत उतरतात. ही व्यवस्था कुणी ‘हरित’ म्हणून उभारली नव्हती, स्वस्त म्हणून उभारली होती. पण अनेकदा दोन्ही एकच ठरतं. अर्थात नदीलाही हिशेब आहेच: जेटीवर सांडलेला माल, तेलाचे तवंग, शिंपले काढणाऱ्यांच्या तक्रारी. बंदराचं फार सांगण्यासारखं नाही. ढिगावर आच्छादन, पाण्याचे फवारे, बंद पट्टे. जिथे हे आहे तिथे त्रास कमी.

नळीतून चिखलाच्या रूपात खनिज नेणं हा आणखी एक मार्ग. खनिज दळून पाण्यात कालवायचं आणि पाइपात सोडायचं. गडचिरोलीत हेडरीपासून कोनसरीपर्यंत अशी सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी काय हाल केले ते त्या भागातल्या लोकांना ठाऊक आहे, त्यामुळे या वाहिनीचं मोल मी कमी लेखणार नाही. पण हुरळून जाण्याआधी कुद्रेमुख आठवावं. तिथेही खनिज पाइपातूनच मंगळुरूला जायचं, ६७ किलोमीटर, एकही ट्रक नाही. वाहतूक म्हणून आदर्श. पण खाण होती पश्चिम घाटातल्या राष्ट्रीय उद्यानात, भद्रा नदीच्या उगमाच्या परिसरात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. हेडरीच्या वाहिनीत ज्या खाणीचं खनिज येतं त्या सूरजागडच्या डोंगरावरही ठाकूरदेव आहे, दरवर्षी त्याची यात्रा भरते, ग्रामसभांनी तिथल्या खाणीला विरोध केलेला आहे. पाइप कितीही चांगला असला तरी खाण कुठे असावी, या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही.

साखळीचं शेवटचं टोक म्हणजे खरेदीदार. लोहखनिजाच्या कंपनीच्या बाबतीत खरा धूर तिच्या खाणीत निघत नाही, तिच्या ग्राहकाच्या भट्टीत निघतो. झोत भट्टीत एक टन पोलाद करताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हिशेबनीस याचे तीन भाग पाडतात: स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि आधीच्या-नंतरच्या सगळ्या साखळीतला धूर. मोठ्या लोहखनिज कंपन्यांत हा तिसरा भागच ९० टक्क्यांहून जास्त भरतो. तेव्हा एखाद्या खाण कंपनीने कार्यालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवल्याची बातमी आली तर ती वाचावी, चहा प्यावा, आणि त्या तिसऱ्या भागाचा आकडा शोधावा.

खरेदीदाराचा दबाव मात्र आता खरोखर वाढतो आहे. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या मालावर सीमेवर कार्बनचं शुल्क लावायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. त्यात पोलादाबरोबर लोहखनिजाच्या पेलेटसारखा (खनिजाच्या भुकटीच्या गोळ्यांसारखा) मालही धरला आहे. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजाविषयीचा अहवाल सक्तीचा केला. ग्राहक विचारू लागला की विक्रेता मोजू लागतो. मोजलेलं खरं असतं का, हे पुन्हा तपासनीसावर येतं, म्हणजे ब्रुमाजिन्योवर.

राहिला ‘शाश्वत’ हा शब्द. तो खाणीला लावणं मुळात विचित्रच आहे. आंब्याचं झाड दरवर्षी मोहरतं, खनिज पुन्हा उगवत नाही. मग खाणकाम शाश्वत कसं? याला एकच प्रामाणिक उत्तर आहे: जमिनीतला ठेवा संपतोय तर तितक्या मोलाचा दुसरा ठेवा मागे राहायला हवा. वाडवडिलांचं सोनं विकून जमीन घेतली तर घर टिकतं, सणवार केले तर नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयाने गोव्यासाठी नेमकं हेच केलं. विकलेल्या लोहखनिजाच्या रकमेतला १० टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. देशभरात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत. जुन्या लीजधारकांनी रॉयल्टीच्या (खनिजामागे सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के आणि लिलावात लीज मिळालेल्यांनी १० टक्के रक्कम तिथे भरायची. हा पैसा खाणबाधित गावाच्या पाण्यावर, दवाखान्यावर, शाळेवर खर्च व्हायचा आहे. तो जिल्ह्याच्या मुख्यालयातल्या सुशोभीकरणात जातो की विहीर आटलेल्या वाडीत, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ग्रामसभेत मागितलेली एक यादी पुरते.

आणि एखादा हरित दावा समोर आला तर ‘टनामागे’ या शब्दावर बोट ठेवावं. टनामागे डिझेल १५ टक्क्यांनी घटलं, टनामागे पाणी कमी लागलं, असं छापलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण टन दुप्पट झाले तर नदीत जाणारा गाळ आणि रस्त्यावरच्या गाड्या टनामागे मोजल्या जात नाहीत. न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्याला वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घालून दिली ती म्हणूनच महत्त्वाची होती. तिच्यात ‘टनामागे’ नव्हतं. अर्थात २ कोटी टन हाही लहान आकडा नाही. तो सगळा माल १० टनी टिपरने हलवायचा म्हटलं तर २० लाख खेपा होतात. पावसाचे चार महिने वगळले तर दिवसाला आठ हजारांवर, आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या.